लोबही खंड, सेगमेंटही खंड?

शिळावाचक: एल्राथिया किंगीचं वर्णन मराठीत करायचंय. यूटामधल्या व्हीलर शेल या खडकातला, कॅम्ब्रियन काळातला ट्रायलोबाइट, म्हणजे कवचाचा नामशेष समुद्री प्राणी. 'या त्रिखंडी प्राण्याच्या वक्षाला १३ खंड असतात' असं लिहिलं तर पहिला खंड म्हणजे लोब आणि दुसरा सेगमेंट, म्हणजे शरीराचा आडवा भाग. शिवाय त्रिखंडी म्हटलं की लोक डोकं, वक्ष, पुच्छ असे तीन मोजतात. खरे तीन लोब उभे असतात: मधला अक्ष आणि त्याच्या दोन बाजू.

तळटीप: लोबला पाळी म्हणा. ग्रीक 'लोबोस' म्हणजे कानाची पाळीच. त्रिपाळी!

पाटीपेन्सिल: पाळी म्हटलं की कारखान्यातली पाळी आधी डोळ्यासमोर येते. लोब राहू दे खंड, सेगमेंटला वलय करा, गांडुळासारखं.

शिळावाचक: वलय नको. प्रत्येक सेगमेंटच्या अक्षावरच्या भागाला ॲक्सियल रिंग म्हणतात. वलय तिथे लागणार.

दगडफूल: शब्द कुठलाही घ्या, पण मोजणी कुठे थांबवायची ते लिहा. पुच्छ खंड जुळूनच बनतं, म्हणून त्यावरही आडव्या खाचा दिसतात. त्या धरल्या की किंगीचे १३ खंड वाढत जातात. दहापट भिंग घ्या, उजेड एका बाजूने तिरपा पाडा आणि कडेकडे बघा. वक्षाच्या खंडांची टोकं सुटी असतात, पुच्छाची कड सलग. मोजणी चुकली तर त्याच शेलमधला असाफिस्कस व्हीलेरी वेगळा काढता येत नाही. त्याचे वक्षखंड १३ पेक्षा कमी, आणि पुच्छ मोठं, रुंद सपाट कडेचं. किंगीचं पुच्छ त्यामानाने लहान.

तळटीप: आणि ग्लॅबेला? शरीरशास्त्रात भ्रूमध्य आहे.

दगडफूल: इथे नाही चालणार. हा डोक्याच्या मधोमधचा उंचवटा, भुवयांचा काही संबंध नाही.

पाटीपेन्सिल: लॅटिन 'ग्लाबर' म्हणजे केस नसलेला, गुळगुळीत. त्यावरून काही बसवता येईल.

शिळावाचक: एल्ड्रेजिऑप्स राना या दुसऱ्या ट्रायलोबाइटचा ग्लॅबेला तर बारीक पुळ्यांनी भरलेला असतो. शिरोफुगवटा कसा वाटतो?

तळटीप: संस्कृत 'शिर' आणि देशी 'फुगवटा' यांची मोट बांधू नका. नुसतं फुगवटा पुरे.

दगडफूल: सूचरला, म्हणजे कात टाकताना डोक्याचं कवच जिथे सुटतं त्या रेघेला, 'शिवण' मात्र नक्की ठेवा, जात ठरवताना ती फार कामाची. किंगीची शिवण गालाच्या काट्याच्या आतल्या बाजूने मागच्या कडेला उतरते. कात टाकताना शिवणीबाहेरचा सुटा गाल निखळला की काटाही त्याच्याबरोबर जातो. उरलेल्या डोक्याला काटा दिसत नाही म्हणून वेगळी जात ठरवू नये. आधी कड बघा: शिवणीवर सुटलेली कड नितळ आणि दोन्हीकडे सारखी, मोडलेली वेडीवाकडी.

पाटीपेन्सिल: कात सापाची. शास्त्रीय शब्द निर्मोचन.

तळटीप: निर्मोचन कोशाबाहेर कोण बोलतं? खेकडाही कात टाकतोच ना!

पाटीपेन्सिल: बोलत नाहीत म्हणून शब्द सोडायचे, तर परिभाषा तयार कधी होणार?

शिळावाचक: लोबचं अजून ठरलेलं नाही.