मदत हवी आहे : मिशनरी सेवेसाठी परदेशातील नव्या शहरात कसे रुळावे?

नमस्कार. लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) या ख्रिस्ती चर्चच्या वतीने मी २४ महिन्यांच्या मिशनरी सेवेसाठी परदेशात आलो असून नुकतीच माझी बदली एका मोठ्या शहरात झाली आहे. आमच्याकडे कायम जोडीने राहायचे व फिरायचे असते आणि जोडीदार वरिष्ठ ठरवतात. माझा जोडीदार सज्जन आहे, पण मितभाषी, आणि तोही इथे माझ्याइतकाच नवखा. आधीच्या जोडीने खोलीत एक वही ठेवली आहे. तिच्यात भेटी दिलेल्या घरांचे पत्ते व्यवस्थित आहेत, मात्र गिझर कसा चालू करायचा किंवा कचरा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा, याची एक ओळही नाही.

भाषेचे प्रशिक्षण घेतले असले तरी ते प्रार्थना व धर्मचर्चेपुरतेच कामी येते. घरमालक नळाच्या गळतीबद्दल भरभर बोलू लागले की मी नुसती मान डोलावतो. शेजारी आम्हाला पाहताच दार लावून घेतात. (आमच्या प्रत्येक भेटीमागे धर्मप्रसाराचा हेतू असणार, हा त्यांचा समज अगदीच गैर म्हणता येणार नाही.)

अशी सेवा केलेल्यांनी कृपया सांगावे : धर्माचा विषय न काढता शेजाऱ्यांशी ओळख कशी वाढवावी? अबोल जोडीदाराला बोलते कसे करावे? २०१९ पासून आम्हा मिशनऱ्यांना दर आठवड्याला घरी फोन करता येतो, परंतु त्यानंतर मन अधिकच उदास होते. तेव्हा सुट्टीच्या दिवशी तो सकाळीच करावा, की कपडे, बाजारहाट उरकून मग?