मदत हवी आहे: तीन दिवस मुंबई, सासूबाईंचा गुडघा, लेकीचा काळा घोडा आणि नवऱ्याचं पोट

नमस्कार मंडळी, एरवी मी वाचनमात्रच असते पण आता अडलंय म्हणून धागा काढतेय. आम्ही इंदूरचे. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात शुक्रवार ते रविवार मुंबईत आहोत, मुक्काम दादरला नणंदेच्या घरी. नणंद नेमकी तेव्हाच ऑफिसच्या कामाने बाहेरगावी, त्यामुळे किल्ली आहे पण सांगणारं कोणी नाही.

आता माणसं ऐका. सासूबाई ७४, एक गुडघा कामातून गेलेला, दहा पायऱ्या चढायच्या तर मधे दोनदा थांबतात, पण नाटक म्हटलं की पहिल्या घंटेच्या आधी खुर्चीत. लेक १६ वर्षांची, कायम स्केचबुक घेऊन, तिला दक्षिण मुंबईतला काळा घोडा कला-फेस्टिवल बघायचाय आणि बाकीची मुंबई गेली तेल लावत. नवऱ्याला कशाचंच वावडं नाही, फक्त दर दोन तासांनी "मग खायचं कुठे" सुरू होतं, आणि सराफ्यात मध्यरात्री खाऊन वाढलेला माणूस असल्यामुळे कुठेही न्या, पहिल्या घासाला "आपल्याकडे यापेक्षा..." ठरलेलं. मला काही बघायचं नाहीये, मला फक्त भांडणं नकोयत.

मागे एकदा आम्ही रविवारी संध्याकाळी काळा घोड्याला गेलो होतो, तेव्हा सासूबाई तासभर फुटपाथच्या कठड्यावर टेकून बसल्या होत्या आणि आम्ही लोकांची डोकी बघून परत आलो. त्याचा उद्धार घरात अजून चालू आहे. रील्स बघून बघून डोकं उठलंय, सगळीकडे तेच चार कॅफे आणि तोच क्रॉसाँ. तर जाणकारांनो, फेस्टिवल कधी गाठावा, आजींना कसं न्यावं, नाटक कुठे बघावं आणि ह्या माणसाला काय खायला घालावं?

दादरकर:
ताई, रविवार आणि काळा घोडा ही जोडी ह्या वेळी नको. नऊ दिवस चालतो तो, एंट्री फुकट, त्यात शेवटचा शनिवार-रविवार म्हणजे अर्धी मुंबई तिथे. शुक्रवारी दुपारीच उरकून टाका. रोषणाई नाही दिसणार पण लेकीला रस्त्यावरची इन्स्टॉलेशन्स निवांत उभं राहून काढता येतील, संध्याकाळी धक्के खात काय स्केच करणार पोरगी. ऊन लागलं की जहांगीर आर्ट गॅलरीत शिरा, १९५२ सालची आहे, तिकीट नाही, आणि बाहेर फुटपाथवर चित्रकार आपली चित्रं मांडून बसलेले असतात, त्यांच्याशी तिला बोलू द्या, आतल्यापेक्षा तिथे जास्त शिकेल असं माझं मत. वर्कशॉप वगैरेंना आधी नाव नोंदवावं लागतं, ते घरून निघायच्या आधीच बघून ठेवा.

आणि आजींना घेऊन लोकलच्या नादी लागूच नका. आता मेट्रो ३ झालीये. शिवसेना भवनापाशी दादर मेट्रो स्टेशन आहे, तिथे बसायचं, हुतात्मा चौकाला उतरायचं. लिफ्ट आहे, एसी आहे. पुढे काळा घोडा जवळच, नाहीतर काळी-पिवळी करा.

पोटोबा:
मी फक्त नवऱ्यापुरतं बोलतो. इंदूरच्या माणसाला मुंबईत पोहे, कचोरी, चाट असलं काही खायला घालू नका, हरलात म्हणून समजा. त्याच्याकडे जे नाही ते द्या. एक, पारशी-इराणी. बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया, १९२३ चं, दुपारी चालू असतं, बेरी पुलाव आणि नंतर कॅरॅमल कस्टर्ड, आजी शाकाहारी असतील तर व्हेज बेरी पुलावही आहे. शुक्रवारी आधी हे आणि मग काळा घोडा, टॅक्सीने जवळच आहे. भरल्या पोटी तो दोन तास तरी गप्प राहील.

दुसरं माटुंगा. रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग, १९४२ पासून आहे, केळीच्या पानावर जेवण, माटुंगा स्टेशनच्या अगदी बाहेर. पण ते वर आहे, जिना चढावा लागतो, तेव्हा आजींचा विचार करून ठरवा. नाहीतर सकाळी रामाश्रयला इडली, डोसा आणि पायनॅपल शिरा. रविवारी तिथे रांग असते, लवकर जा.

ताक_कण्या:
दादरला राहून प्रकाशचा साबुदाणा वडा आणि पियुष नाही? हा काय सल्ला आहे?

पोटोबा:
अहो इंदूरला साबुदाण्याची खिचडी रस्त्यावर मिळते, तो माणूस वड्याला काय नावाजणार. पियुष द्या हवं तर.

तिसरी घंटा:
नाटकाचं मी सांगते. शनिवारचा किंवा रविवारचा प्रयोग धरा, वर्तमानपत्रातल्या जाहिराती आणि बुकिंगचं अॅप दोन्ही बघा. दादरचं शिवाजी मंदिर तुम्हाला सगळ्यात जवळ, १९६५ पासून मराठी नाटकवाल्यांचं माहेर आहे ते, पण नाट्यगृह वरच्या मजल्यावर आहे. जिन्याचं काय आणि लिफ्टचं काय हे फोन करून आधी विचारा, आणि सीट घेताना आजींसाठी कडेची घ्या, पाय लांब करता येतो. माटुंग्याचं यशवंत नाट्यमंदिरही लांब नाही.

कोणीतरी आता जुहूच्या पृथ्वी थिएटरला जा म्हणून सांगेल. सुंदर आहे, छोटं आहे, नट हाताच्या अंतरावर असतो, लेकीला आवडेल. पण तिथे उशीर झाला की आत सोडत नाहीत, आणि शनिवारी संध्याकाळी दादरहून जुहूला वेळेत पोचणं म्हणजे जुगार. चौघांची तिकिटं आणि आजींचा संताप, दोन्ही पणाला लावू नका.

रिकामटेकडा:
लेकीला एक कोडं घाला. काळा घोडा चौकात आत्ता जो घोडा आहे त्याच्यावर स्वार का नाही? तो २०१७ साली बसवलेला. मूळ पुतळ्यावर सातवा एडवर्ड बसलेला होता, १९६५ साली तिथून हलवला, आता तो राणीबागेत, म्हणजे भायखळ्याच्या प्राणिसंग्रहालयात आहे. म्हणजे चौकाला नाव घोड्याचं राहिलं आणि राजा गेला प्राणी बघायला.
शनिवारी सकाळी तिथे जाता येईल. राणीबागेच्या आवारालाच लागून भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ चं, जुन्या मुंबईच्या मातीच्या छोट्या छोट्या प्रतिकृती आहेत, काढायला भरपूर. बुधवारी बंद असतं, तुम्हाला अडचण नाही.

मूळ धागाकर्ती:
अरे बापरे, एवढं सगळं, खूप खूप आभार. घरी वाचून दाखवलं तर सासूबाईंना नाटकाच्या आधी तो राणीबागेतला राजा बघायचाय, म्हणतात आमच्या होळकरांना छळणाऱ्यांचं शेवटी काय झालं ते बघू तरी. ह्यावर मी काही बोलले नाही.

तर सध्याचं असं: शुक्रवारी ब्रिटानिया, मग काळा घोडा, चारच्या आत परत. शनिवारी सकाळी राणीबाग, दुपारी सक्तीची झोप, रात्री नाटक, शिवाजी मंदिरला उद्या फोन करते. रविवारी सकाळी रामाश्रय. रामा नायकांसाठी नवरा म्हणतोय "आईला मी उचलून वर नेतो", सासूबाई म्हणतायत "त्यापेक्षा जेवण खाली आण". ते राहू दे.

एकच शेवटचं, ब्रिटानियात शुक्रवारी रांग असते का? सासूबाईंना बाहेर उभं राहायला नाही जमणार.

पोटोबा:
असते. उघडायच्या वेळेलाच हजर राहा, एकाने पुढे जाऊन नाव लावा आणि आजींना टॅक्सीतच बसवून ठेवा. पुढे नवऱ्याला पाठवा, खायचं म्हटलं की धावत जाईल.