जागतिकीकरण आणि मानवी तस्करी यांचा सांधा नेमका कुठे जुळतो?

मृण्मयी

नमस्कार. मी पदवीच्या वर्गाला आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय शिकवते. जागतिकीकरणाच्या दुष्परिणामांची यादी करताना दहशतवाद आणि अमली पदार्थांच्या जोडीने मानवी तस्करीही एका ओळीत उरकली जाते. सीमा खुल्या झाल्या आणि गुन्हेगारांचे फावले, एवढाच त्या ओळीचा आशय असतो. मला हे स्पष्टीकरण तोकडे वाटते. स्त्रियांच्या व्यापाराविरुद्ध पहिला आंतरराष्ट्रीय करार १९०४ साली झाला, आणि आपला १९५६चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदाही भारताने १९५० साली न्यूयॉर्क येथे स्वाक्षरी केलेल्या करारातूनच आलेला आहे. म्हणजे व्यवहार जुनाच आहे. मग गेल्या तीस-पस्तीस वर्षांत त्यात नवे काय आले? म्यानमार आणि कंबोडियातील 'सायबर गुलामगिरी'चे, म्हणजे नोकरीच्या आमिषाने नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपण्याचे, उदाहरण घेऊन ही साखळी कोणी उलगडून सांगेल का? तेथून सुटून आलेल्या तरुणांना पीडित मानावे की आरोपी, यावरून वर्गात सरळ दोन तट पडले. त्याविषयीही जाणकारांनी लिहावे.

निरंजन, ठाणे

सीमा खुल्या झाल्या हे अर्धेच खरे आहे. पैसा, जाहिरात आणि पर्यटक यांच्यासाठी त्या खुल्या झाल्या. पोलीस, न्यायालय आणि कामगार कायदा यांच्यासाठी त्या होत्या तशाच राहिल्या. या दोहोंमधल्या फटीत हा धंदा उभा आहे, असे माझे मत आहे.

कंबोडियातील सिहानूकविल हे बंदराचे शहर पाहा. चिनी गुंतवणुकीतून तेथे कॅसिनोंची रांग उभी राहिली आणि त्यांची खरी कमाई ऑनलाइन जुगारावर होती. ऑगस्ट २०१९मध्ये कंबोडियाने ऑनलाइन जुगारावर बंदी जाहीर केली, पुढच्याच वर्षी कोविड आला, आणि इमारती, सर्व्हर, पहारेकरी व कर्ज एवढे सगळे तयार असलेला उद्योग गिऱ्हाइकाविना उरला. त्याने धंदा बदलला. जुगाऱ्यांची वाट पाहण्याऐवजी फोनवरून जगभरातल्या लोकांना गाठून फसवायचे ठरले, आणि त्यासाठी इंग्रजी, हिंदी किंवा मंदारिन येणारे हात लागू लागले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३मध्ये दिलेल्या अंदाजानुसार अशा कामाला जुंपलेल्या लोकांची संख्या म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख होती.

मुलगा तेथवर पोहोचतो कसा, हे विद्यार्थ्यांना टप्प्याटप्प्याने दाखवा. टेलिग्रामवर 'बँकॉकमध्ये डेटा एंट्री, राहणे-जेवण मोफत' अशी जाहिरात येते. व्हिडिओ कॉलवर मुलाखत होते, टायपिंगचा वेग तपासला जातो, त्यामुळे नोकरी खरीच आहे असे वाटते. तिकीट कंपनीच काढते. थायलंडने नोव्हेंबर २०२३पासून भारतीय पर्यटकांना व्हिसातून सूट दिल्यामुळे तीही अडचण उरली नाही. विमानतळावर नावाची पाटी धरलेला चालक उभा असतो, पण गाडी शहरात न शिरता काही तास वायव्येकडे धावते आणि सीमेवरच्या माए सोत गावी थांबते. तेथे मोई नदी होडीने ओलांडली की पलीकडे म्यानमारचे म्यावाडी. पासपोर्ट काढून घेतला जातो आणि मुलाला सांगितले जाते की, तुझ्यासाठी मोजलेले पैसे तुझ्या नावावर कर्ज आहेत. ते फेड, नाहीतर घरून डॉलर मागव.

आता फसवणुकीचे काम चालणाऱ्या त्या एका आवारात किती देश आहेत ते मोजावे. जमीन म्यानमारची, तिच्यावर हुकूमत एका कारेन सशस्त्र गटाची, धंदा चालवणारे बहुतांशी चिनी, वीज आणि इंटरनेट २०२५च्या सुरुवातीपर्यंत थायलंडचे, राबणारे भारत, केनिया, इथिओपिया, फिलिपाइन्सचे, आणि फसवले जाणारे अमेरिकेपासून नागपूरपर्यंतचे. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी थायलंडने सीमेपलीकडच्या पाच ठिकाणांची वीज, इंधन आणि इंटरनेट तोडले, तेव्हा जनरेटर आणि उपग्रहावरून चालणारे इंटरनेट कामी आले. तरीही त्या वेळच्या दबावामुळे हजारो लोक सुटले. मार्च २०२५मध्ये भारताने हवाई दलाच्या विमानांनी माए सोतहून दोन दिवसांत ५४९ जणांना परत आणले.

श्रीकांत जो.

मी बँकेत नोकरीला आहे, म्हणून फक्त पैशाच्या अंगाने लिहितो. भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने २०२४ साली दिलेल्या माहितीनुसार, त्या वर्षीच्या जानेवारी ते एप्रिल या काळातल्या आर्थिक सायबर फसवणुकीच्या तक्रारींपैकी ४६ टक्के तक्रारींचे मूळ कंबोडिया, म्यानमार आणि लाओस या तीन देशांत होते. परंतु पैसा तेथे जातो तो आपल्याच गल्लीतून. कोणा छोट्या दुकानदाराच्या किंवा बेरोजगार मुलाच्या नावाने उद्यम नोंदणी काढून चालू खाते उघडले जाते, आणि त्याचे सिमकार्ड, डेबिट कार्ड व नेट बँकिंगचा पासवर्ड काही हजार रुपयांत दुसऱ्याच्या हाती सोपवला जातो. खाते काही आठवडे निपचित पडून असते. मग एके दिवशी अनोळखी नावांनी रकमा येऊ लागतात आणि काही मिनिटांत आयएमपीएसने पुढच्या दहा-वीस खात्यांवर पांगतात. शेवटच्या टप्प्यावर कोणीतरी त्यांचे यूएसडीटी हे आभासी चलन विकत घेतो, आणि तेथून पुढे आमच्या हाती काहीच राहत नाही. फसलेल्या माणसाने १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार केली तर पहिल्या-दुसऱ्या खात्यातली रक्कम आम्ही गोठवू शकतो. दुसऱ्या दिवशी केली तर बहुधा गोठवायला रक्कमच नसते.

अमेरिकेच्या अर्थखात्याने मे २०२५मध्ये कंबोडियातील हुईओन या वित्तीय समूहावर ठपका ठेवला, तेव्हा ऑगस्ट २०२१ ते जानेवारी २०२५ या काळात त्यातून किमान ४ अब्ज डॉलरचा काळा पैसा फिरल्याचे म्हटले होते. ही एका मध्यस्थाची उलाढाल झाली.

गोदाकाठ

चर्चा चांगली आहे, पण माझा आक्षेप नोंदवून ठेवतो. बीडचे ऊसतोड जोडपे मुकादमाकडून उचल घेते, हंगाम संपला तरी ती फिटत नाही, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाच्या टोळीत जाते. यात पासपोर्ट नाही, टेलिग्राम नाही आणि परदेशी कंपनीही नाही. कर्जाने माणूस बांधून ठेवण्याची रीत आपल्याकडे आधीपासून आहे, आणि निरंजन यांनी सांगितलेला म्यावाडीचा हिशेब त्याच रीतीचा आहे. वर्गात सगळे खापर जागतिकीकरणावर फोडले, तर मुलांना वाटेल की हे पाप बाहेरून आले.

निरंजन, ठाणे

आक्षेप मान्य आहे, पण अर्धा. उचल देणारा मुकादम कोण, त्याचे घर कोठे आहे आणि कारखाना कोणत्या तालुक्यात आहे हे सर्वांना ठाऊक असते. कारवाई होत नसेल तर ती इच्छेअभावी. म्यावाडीच्या मालकापर्यंत पोहोचायची इच्छा असली तरी रस्ता नाही. पुरावा मागवायचा तर एका देशाच्या मंत्रालयाने दुसऱ्याला पत्र पाठवायचे, आणि ज्या भूभागावर तेथल्याच सरकारचा हुकूम चालत नाही तेथे ते पत्र द्यायचे तरी कोणाला? कर्ज जुनेच आहे, सावकार बेपत्ता असणे हे नवे.

ॲड. वैदेही

पीडित की आरोपी, या प्रश्नाचे उत्तर कायदा वाटतो तितक्या सहज देत नाही. २००० सालचा पालेर्मो प्रोटोकॉल, म्हणजे मानवी तस्करीविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा करार, भारताने २०११मध्ये स्वीकारला. त्यानुसार फसवून किंवा धाकाने नेले असेल, तर त्या व्यक्तीने होकार दिला होता की नाही याला महत्त्व नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम १४३ हेच सांगते. म्हणून 'तो स्वतःच्या पायाने विमानात बसला' हा युक्तिवाद टिकत नाही.

अडचण पुढे आहे. कलम १४३मध्ये शोषणाचे जे प्रकार मोजले आहेत, त्यांत शारीरिक आणि लैंगिक शोषण, गुलामगिरी, वेठ, भीक मागायला लावणे आणि अवयव काढणे हे आहे. सक्तीने गुन्हा करायला लावणे हा प्रकार शब्दाने आलेला नाही. युरोपीय संघाच्या २०११च्या निर्देशात तो स्पष्ट आहे. आपल्याकडे तो गुलामगिरीसदृश प्रथेत बसवून मांडावा लागतो. बचावासाठी धाकाखाली केलेल्या कृत्याविषयीचे कलम ३२ आहे, पण त्याला तत्काळ मृत्यूची वाजवी भीती लागते. उपाशी ठेवले, विजेचे झटके दिले, पासपोर्ट काढून घेतला, एवढे त्या व्याख्येत बसेलच याची खात्री मी कोणत्याही अशिलाला देणार नाही.

आणि सगळ्यांना एकाच मापाने मोजताही येत नाही. फसवणुकीचा ठरवून दिलेला कोटा भरला नाही म्हणून मार खाणारा वेगळा, आणि 'दोघांना आणून दे, तुला सोडतो' हे ऐकून आपल्याच गावच्या मित्राला बोलावणारा वेगळा. तिसरा तर टक्केवारीवर स्वखुशीने परत जातो. एप्रिल २०२५मध्ये महाराष्ट्र सायबर विभागाने म्यानमारमधून साठांहून अधिक भारतीयांची सुटका केल्याचे जाहीर केले, तेव्हा त्याच प्रकरणात एजंट म्हणून काही जणांना अटकही झाली. वर्गातले दोन्ही तट आपापल्या माणसाविषयी बरोबर असू शकतात.

मृण्मयी

सर्वांचे मनापासून आभार. मुकादमाच्या मुद्द्याने व्याख्यानाची मांडणीच बदलेल. एक शेवटची शंका. परदेशी नोकरीसाठी नोंदणीकृत एजंट आणि सरकारी परवानगी यांची व्यवस्था आपल्याकडे १९८३च्या उत्प्रवास कायद्यापासून आहे. मग ही मुले त्या चाळणीतून निसटतात कशी?

ॲड. वैदेही

ती चाळणी आखाताकडे जाणारा अल्पशिक्षित मजूर डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली आहे. परवानगी लागते ती ठरावीक १८ देशांसाठी, आणि त्यांत कंबोडिया, लाओस, म्यानमार नाहीत. थायलंड आहे, परंतु दहावी उत्तीर्ण असलेल्याच्या पासपोर्टला ती अट लागू होत नाही, आणि या टोळ्यांना तर इंग्रजी व संगणक येणारे पदवीधरच हवे असतात. एजंट नोंदणीकृत आहे का, हे ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते, पण पर्यटक म्हणून निघालेल्याला ते पाहायला कोणी सांगत नाही. त्याला अडवू शकणारी एकच जागा म्हणजे विमानतळावरची इमिग्रेशनची खिडकी. तेथे परतीचे तिकीट आणि हॉटेलचे बुकिंग विचारले जाते, आणि ते दोन्ही कागद एजंटने आधीच हातात दिलेले असतात.