लग्नासाठी राणी रंग आणि कृत्रिम नखे

अबोली : पुढच्या महिन्यात बहिणीचे लग्न असून, आजवर फिकट गुलाबीच्या पलीकडे न गेलेल्या मला या वेळी पार्लरमध्ये कृत्रिम नखे बसवून त्यांवर गडद राणी रंग लावायचा आहे. मूळ नखे खराब होतील का?

केवडा : रंग जरूर लावा, तो सावळ्या हातांवर फार खुलतो. नुकसान बहुधा काढताना होते. मी कृत्रिम नखांचे जेल (दिव्याखाली पक्का होणारा थर) घाईघाईने ओरबाडून काढले, तेव्हा नखांचे पांढरे पापुद्रे निघाले आणि नखे पूर्ववत व्हायला सहा महिने लागले, कारण हाताचे नख महिन्याला जेमतेम ३ मिलिमीटर वाढते. अॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस फॉइलने गुंडाळून १० ते १५ मिनिटे ठेवला, तर थर आपोआप सुटतो.

सांजवेळ : ओले जेल कातडीला लागू देऊ नका, त्यातील अॅक्रिलेट या रसायनाची अॅलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. जेल पक्के करणाऱ्या टीपीओ या द्रव्यावर युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून बंदी घातली आहे, तेव्हा बाटलीवरील घटक वाचायला मागा.

अबोली : केवडाताई, कणीक मळताना अडचण होते का?

केवडा : होते, पीठ नखांखाली अडकते. लांबी बोटाच्या टोकापुरतीच ठेवून घ्या.