साय रंगाचा सोफा, हळद आणि गणपतीतले पाहुणे: कोटिंग करून घ्यावं का?

मीनल_कोथरूड: मंडळी, नवा सोफा आलाय, कापडी, साय रंगाचा. घरात चार वर्षांचा मुलगा, गणपतीत घरभर पाहुणे. दुकानदार म्हणतो, डाग बसू नयेत म्हणून वरून फवारा मारून देतो, पैसे वेगळे. त्याने खरंच काही होतं का? प्लास्टिक नको, घामाने चिकटतं. धास्ती आहे ती आमटीची आणि हळदीकुंकवाची. खाली लोकरी गालिचाही आहे.

रानजाई: आम्ही सोलापुरी चादर टाकतो, पाहुणे आले की काढतो.

सोफाकारागीर_डोंबिवली: मीनलताई, सोफे शिवणं हाच माझा धंदा. फवाऱ्याचा उपयोग आहे, पण बेताचा. धाग्यावर थर बसतो, त्यामुळे चहा सांडला तर थेंब वर उभे राहतात आणि टिपायला थोडा वेळ मिळतो. तेलकट रश्श्यावर कोणी बसलं, की दाबाने तो आत मुरतोच. रोज बसता, हात टेकता तिथला थर आधी झिजतो. शिवाय रसायन कुठलं ते विचारा. पूर्वी अशा फवाऱ्यांत पीएफओएस जातीची रसायनं असत. ती शरीरात साठून राहतात, म्हणून थ्रीएम कंपनीने २००० साली ती बंद करत असल्याचं जाहीर केलं. घरात लहान मूल आहे, तेव्हा डब्यावर 'पीएफएएस नाही' (पीएफओएस ज्यात मोडतं, तो रसायनांचा सगळा गट) असं लिहिलेलंच घ्या.

माझं ऐकाल तर त्या पैशांत चेनवाली जादा कव्हरं शिवून घ्या, त्याच कापडाची. आणि रानजाईताई, चादर पाहुणे असतानाच ठेवा, सांडासांड तेव्हाच होते.

आता हळद. लगेच साबण लावू नका. साबणातल्या क्षाराने डाग लालभडक होतो. आमटी आधी चमच्याने उचला, मग पांढऱ्या सुती फडक्याने कडेकडून मध्ये टिपत या. घासायचं अजिबात नाही. तेल उरलं तर टाल्कम पावडर टाकून ठेवा, नंतर झटका. उरलेला पिवळेपणा उन्हात उडतो, पण भाद्रपदात कडक ऊन मिळेलच असं नाही, म्हणून तर जादा कव्हर हवं. कोरडं कुंकू सांडलं तर ओला हात लावू नका, व्हॅक्यूमची नळी जरा वर धरून ओढून घ्या. गालिचा तेवढे दिवस गुंडाळून ठेवा, सतरंजी अंथरा. लोकरीला ब्लीच कधीच नको, लोकर विरते.

बैठकीखालचं लेबल बघून सांगा.

मीनल_कोथरूड: बघितलं दादा. नुसतं 'एस' लिहिलंय.

सोफाकारागीर_डोंबिवली: मग त्याला पाणी चालत नाही, ड्रायक्लीनच. तेव्हा जादा कव्हरं त्या कापडाची नकोत, जाड सुती घ्या. शिवण्याआधी कापड पाण्यातून काढायला सांगा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं आणि फोमवर चढत नाही. फवारा मारायचाच ठरलं, तर आधी सोफ्याच्या मागच्या बाजूला छोट्या जागी मारून, वाळल्यावर रंग बघा.

मीनल_कोथरूड: उद्याच शिवणाऱ्याकडे माप देते.