शब्दचर्चा : मुंबई हुंड्यात गेली की आंदण?

लेखनिक :
दिवाळी अंकासाठी आलेला एक लेख तपासतो आहे. विषय इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याची पोर्तुगीज राणी, कॅथरिन ऑफ ब्रगांझा. लेख चांगला आहे, पण एकाच गोष्टीला तीन शब्द आलेत. पहिल्या पानावर 'मुंबई बेट हुंड्यात मिळाले', पुढे 'आंदण दिले' आणि शेवटी 'कॅथरिनचे स्त्रीधन असलेली मुंबई'. एकच शब्द ठेवायचा तर कुठला? आणखीही काही जागा खटकल्या. नवरा वारल्यावर ती 'राजमाता' झाली असं लिहिलंय, दिराला 'मेहुणा' म्हटलंय आणि तिला सरसकट 'वांझ राणी'. जाणकारांनी मत द्यावं.

टाकबोरू :
स्त्रीधन आधी काढून टाका. स्त्रीधनावर मालकी बाईची असते, आणि मुंबईवर कॅथरिनची मालकी एक दिवसही नव्हती. २३ जून १६६१ च्या इंग्लंड-पोर्तुगाल लग्नाच्या तहात मुंबईचं बंदर आणि बेट थेट इंग्लंडच्या राजाला आणि त्याच्या वारसांना लिहून दिलंय.

उरले हुंडा आणि आंदण. माझ्या मते दोन्ही ठेवा, फक्त ज्याला जो लागतो तिथे. हुंडा म्हणजे बोली करून मुलाकडच्यांना मोजायची रक्कम. आंदण म्हणजे मुलीची पाठवणी करताना सोबत दिलेलं: भांडीकुंडी, दागिने, गाई-म्हशी, ऐपत असेल तर जमीनजुमला. या तहात रोकड ठरली होती वीस लाख क्रुझादो (पोर्तुगीज नाणी), तो हुंडा. उत्तर आफ्रिकेतलं टँजिअर आणि आपली मुंबई, ही आंदण. ब्राझीलमध्ये आणि पूर्वेकडच्या पोर्तुगीज मुलखात इंग्रजांना व्यापाराची मुभा मिळाली, ती यातल्या कशातच बसत नाही. तिला सवलत म्हणा.

वसईकर :
टाकबोरू, फोड पटली, पण 'आंदण'मध्ये एक राजीखुशी आहे. लेक जाते आहे, तिचं काही कमी पडू नये म्हणून आईबाप देतात. इथे लेकीच्या कौतुकापेक्षा गळ्याशी आलेलं संकट मोठं होतं.

पोर्तुगाल साठ वर्षं स्पेनच्या राजाखाली होतं. डिसेंबर १६४० मध्ये उठाव झाला आणि ब्रगांझाचा ड्यूक 'चौथा जॉन' म्हणून गादीवर बसला. कॅथरिन तेव्हा जेमतेम दोन वर्षांची. तिचा जन्म २५ नोव्हेंबर १६३८ चा, विला विसोझाच्या वाड्यातला. म्हणजे ती जन्माने राजकन्या नव्हती, सरदारकन्या होती. स्पेनने हे नवं राज्य मानलंच नाही. १६५६ मध्ये जॉन वारला, मुलगा सहावा अफोन्सो अल्पवयीन, म्हणून राणी लुईसा कारभार पाहू लागली. १६५९ मध्ये फ्रान्सनेही स्पेनशी तह केल्यावर पोर्तुगाल एकटं पडलं. मग लुईसाने इंग्लंडकडे पदर पसरला. इंग्रजांनी जहाजं आणि फौज द्यायची, बदल्यात मुलगी, पैसा, टँजिअर, मुंबई. लुईसा स्वतः स्पॅनिश, मेदिना सिदोनियाच्या ड्यूकच्या घराण्यातली, आणि हे सगळं माहेरच्या राजाविरुद्ध. याला मी सौदा म्हणेन. 'मुंबई मदतीच्या मोबदल्यात दिली' इतकं साधं लिहा की.

आजोळ :
वसईकर, हुंडा तरी सौद्याशिवाय कुठे असतो? बोली होते, घासाघीस होते, मग याद्या होतात. आणि आंदण नेहमी खुशीनेच दिलं जातं असं म्हणणाऱ्याने मुलीचा बाप होऊन बघावं.

या लग्नातला देण्याघेण्याचा तमाशा तर आपल्याकडच्या कुठल्याही मांडवात शोभला असता. १६६२ च्या वसंतात अर्ल ऑफ सँडविच आरमार घेऊन लिस्बनला नवरीला न्यायला आला. ठरल्यापैकी निम्मी रोकड जहाजावर चढायची होती. लुईसाने सांगितलं, तिजोरीत एवढं नाही. नाण्यांऐवजी साखर, मसाले आणि हुंड्या, म्हणजे पैसे देण्याच्या चिठ्ठ्या, पुढे आल्या. (लग्नाचा हुंडा हुंडीने भरला, ही कोटी मराठीतच जमते. लेखिकेला फुकट देते.) सँडविचची पंचाईत. नवरीला ठेवून जावं तर बेइज्जती, न्यावं तर राजा विचारणार. शेवटी साखरेसकट नवरी नेली. बाकी पुढे कित्येक वर्षं रेंगाळली.

म्हणून रकमेच्या जागी 'हुंडा' आणि 'हुंड्याची बाकी' हेच बरोबर. वाचकाला एका शब्दात सगळं कळतं.

मोडीवाचक :
'आंदण'ला माझा पाठिंबा, पण वेगळ्या कारणाने. या शब्दाचा आजचा वापर बघा. 'शहर बिल्डरांना आंदण दिलंय', 'हा भूखंड कुणाला आंदण दिलेला नाही'. दुसऱ्याची मालमत्ता परस्पर देऊन टाकणं हा अर्थ त्यात मुरलाय. मुंबईच्या बाबतीत दोन्ही अर्थ लागू पडतात. बेटावर राहणाऱ्या कोळी-भंडाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं, गोव्याच्या विजरईलाही नाही. विजरई म्हणजे पोर्तुगीज व्हॉइसरॉय. मराठी कागदांत हाच शब्द येतो, लेखात वापरायला हरकत नाही.

वसईकर :
आता विजरईचं नाव निघालंच आहे तर, हे आंदण वेळेवर पोचलंच नाही, हे लेखात आहे का? इंग्रजांचा अब्राहम शिपमन सप्टेंबर १६६२ मध्ये सैन्य घेऊन मुंबईच्या बंदरात आला. विजरई आंतोनिओ दे मेलो ई कास्त्रो याने कागदपत्रांच्या त्रुटी काढून बेट द्यायला नकार दिला. शिपमन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन बसला. उघडं बेट, वाईट हवा, पाऊस. १६६४ मध्ये शिपमन तिथेच मेला आणि बरोबरचे बहुतेक शिपाईही रोगराईत गेले. अखेर १८ फेब्रुवारी १६६५ रोजी त्याचा चिटणीस हंफ्रे कुक याने ताबा घेतला. तोवर लग्नाला पावणेतीन वर्षं झाली होती.

दस्तऐवज झाला तो इनेस दे मिरांदा या विधवेच्या वाड्यात. बेटाची जहागीर तिच्याकडे होती. स्त्रीधनावर लिहायचंच असेल तर या बाईवर लिहा.

आणखी एक. 'सात बेटे आंदण दिली' असं वाक्य लेखात असेल तर ते खोडा. तहात फक्त मुंबईचं बंदर आणि बेट आहे. माहीमवरून लगेच भांडण लागलं. साष्टी आणि वसई तर फिरंगाणातच, म्हणजे पोर्तुगीज मुलखातच राहिली, ती १७३० च्या दशकातल्या मोहिमेत मराठ्यांनी घेतली. चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला सर केला १७३९ मध्ये.

लेखनिक :
'सात बेटे' आहे लेखात. खोडतो. बाकीच्या शब्दांचं काय?

आजोळ :
नात्यांचं मी सांगते. इंग्रजी संदर्भावरून लिहिताना नाती सपाट होतात. चार्ल्सचा भाऊ जेम्स हा कॅथरिनचा दीर, मेहुणा कसा होईल? जेम्सची दुसरी बायको मेरी ऑफ मोडेना ही जाऊ. पुढे गादीवर आलेल्या मेरी आणि अॅन या जेम्सच्या मुली, म्हणजे दिराच्या मुली, तिच्या पुतण्या. सासू हेन्रिएटा मारिया लग्नाच्या वेळी हयात होती. फ्रान्सला दिलेली धाकटी हेन्रिएटा ही नणंद. हे शब्द घातले की घर डोळ्यांपुढे उभं राहतं. तिकडे माहेरी दोन भाऊ. थोरला अफोन्सो राजा, पण आजाराने अधू. धाकट्या पेद्रोने १६६८ मध्ये त्याला बाजूला सारून कारभार हातात घेतला आणि त्याची बायकोही केली. त्या बाईला कॅथरिनची भावजय एकदा म्हणायचं की दोनदा, ते तुम्हीच ठरवा.

'राजमाता' तर चूकच. राजमाता म्हणजे राजाची आई. कॅथरिनला मूल नव्हतं आणि १६८५ मध्ये चार्ल्सनंतर दीर गादीवर आला. 'विधवा राणी' लिहा. लेखात राजमाता एकच आहे, लिस्बनची लुईसा.

टाकबोरू :
'थोरल्या राणीसाहेब' कसं वाटतं? नवी राणी आल्यावर आधीची थोरली, हा आपला रिवाज.

आजोळ :
संवादात चालेल. निवेदनात नको, दोन सवती असल्यासारखं वाटेल. त्याच कारणाने 'पट्टराणी'ही टाळा.

आणि 'वांझ' अजिबात नको. तिला दिवस गेले होते. १६६६, १६६८ आणि १६६९ मध्ये गर्भ टिकला नाही. 'निपुत्रिक राजा' हेही नको, कारण चार्ल्सला इतर बायकांपासून डझनभर तरी पोरं होती आणि त्यांना तो ड्यूक, अर्ल करत होता. 'औरस संतती नव्हती' एवढंच नेमकं आहे. त्या काळचा लंडनकर सॅम्युएल पेप्स याच्या रोजनिशीत ऑक्टोबर १६६३ ची नोंद आहे. कॅथरिन तापाने फणफणलेली, वाताच्या भरात तिला वाटत होतं आपण बाळंत झालोय, पण मुलगा दिसायला कुरूप आहे. उशाशी बसलेला राजा म्हणाला, नाही, छान आहे. हे वाचल्यावर 'वांझ' लिहायला हात धजणार नाही.

मोडीवाचक :
राजाशी संबंध असलेल्या बार्बरा पामरला लेखात काय म्हटलंय?

लेखनिक :
'रखेल'. तिला राणीच्या सेवेत नेमलं त्या प्रसंगात 'राणीची दासी' असंही आहे.

मोडीवाचक :
दासी नको. राणीच्या शय्यागृहातली नेमणूक हा मोठ्या घरच्या बायकांचा मान होता, त्याला पगार आणि वजन दोन्ही. 'राणीच्या खाजगीतली मानकरीण' म्हणा. म्हणूनच तर भांडण पेटलं. १६६२ च्या उन्हाळ्यात हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात राजाने भर दरबारात बार्बराला राणीपुढे आणलं. कॅथरिनने रीतीप्रमाणे हात पुढे केला. ही कोण ते कळलं तेव्हा नाकातून रक्त आलं आणि ती बेशुद्ध पडली. पुढे बरेच दिवस अडून बसली, पण राजाने तिची पोर्तुगीज माणसं परत पाठवायला सुरुवात केली आणि तिला नमावं लागलं.

'रखेल'बद्दल म्हणाल तर बार्बराचं लग्न झालेलं होतं, नवरा हयात होता आणि त्याला राजाने कॅसलमेनचा अर्ल केलं होतं. जुन्या मराठीत 'नाटकशाळा' आहे, पण ती नाचगाण्यातली. 'अंगवस्त्र' त्यातल्या त्यात जवळचा.

आजोळ :
माणसाला कापड म्हणणारा शब्द मला सोसत नाही. 'राजाची प्रेयसी' लिहा.

मोडीवाचक :
प्रेयसी फार गोड होतं. त्या काळचे लोकच तिला काय काय म्हणत होते ते इथे लिहिता येणार नाही.

टाकबोरू :
यावर एकमत व्हायचं नाही. लेखिकेवर सोडा.

नवा सदस्य :
इंग्लंडला चहा कॅथरिननेच शिकवला ना? ते घ्याच लेखात.

टाकबोरू :
'शिकवला' नको, 'दरबारात रुजवला' म्हणा. लंडनमध्ये चहा आधीपासून विकला जात होता आणि पेप्सने १६६० मध्येच पहिला पेला घेतल्याची नोंद आहे. कॅथरिन लिस्बनहून सवय घेऊन आली आणि मग बड्या घरच्या बायकांत ती फॅशन झाली. एडमंड वॉलर या कवीने तिचा चहा आणि तिचा वाढदिवस यांवर एकच कविता उरकली.

वसईकर :
शेवटची वर्षं लेखात आहेत का? बहुतेक लेख मुंबई दिली की संपतात. १६७८ मध्ये टायटस ओट्सने कॅथलिकांच्या कटाची आवई उठवली, तेव्हा राणी राजाला विष घालणार होती असाही आरोप झाला. तिचा वैद्य वेकमन याच्यावर खटला चालला, तो सुटला. वारस हवा म्हणून तिला सोडचिठ्ठी द्या असा धोशा कित्येकांनी लावला होता. चार्ल्सने बाहेर शंभर भानगडी केल्या, पण हे केलं नाही.

१६९२ मध्ये ती इंग्लंड सोडून निघाली. लिस्बनला पोचल्यावर बेंपोस्ता इथे वाडा बांधला. भाऊ पेद्रो आजारी पडल्यावर १७०४ पासून तिने राज्य चालवलं, आणि ३१ डिसेंबर १७०५ रोजी वारली. इथे 'राजप्रतिनिधी' लिहू नका, व्हॉइसरॉय आणि ही यांत घोटाळा होईल. 'भावाच्या वतीने राज्यकारभार पाहिला' पुरे.

मोडीवाचक :
एक राहिलं. आंदण काय गेलं हे सगळे लिहितात, तिला काय मिळायचं होतं ते कुणी लिहीत नाही. तहात तिला वर्षाला ३०,००० पौंडांची नेमणूक, म्हणजे तनखा, कबूल केली होती. आपल्याकडे राजघराण्यातल्या बायकांना चोळीबांगडीसाठी गावं लावून देत, तसलाच हा प्रकार. 'चोळीबांगडीची नेमणूक' लिहिलंत तर मराठी वाचकाला समजावून सांगावं लागणार नाही.

लेखनिक :
उत्तम. लेखात अजून एक वाक्य आहे: 'चार्ल्सने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वार्षिक १० पौंड भाड्याने दिली.' ते ठीक?

मोडीवाचक :
सगळे असंच लिहितात, पण भाड्याने दिलेली जागा परत घेता येते. २७ मार्च १६६८ च्या सनदेने बेट कंपनीला कायमचं दिलं, वर नावाला १० पौंड. आपल्या महसुली भाषेत याला नेमका शब्द आहे: जुडी. इनाम जमिनीवर सरकारात भरायची हलकी रक्कम. 'मुंबई कंपनीला इनाम दिली, जुडी सालीना १० पौंड.'

लेखनिक :
जुडी आज किती जणांना कळेल? तळटीप द्यावी लागेल.

वसईकर :
द्या की. आणि ती जुडी सोन्यात, दर ३० सप्टेंबरला भरायची होती, हेही त्याच तळटिपेत घाला.