शेल स्क्रिप्टमध्ये डिस्क्रिप्टरचा क्रमांक आपण ठरवायचा की शेलवर सोडायचा?

सह्यकडा:
शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्राम, प्रत्येक उघडी फाइल एका क्रमांकाने ओळखतं; तो क्रमांक म्हणजे डिस्क्रिप्टर. ०, १ आणि २ ठरलेलेच आहेत: इनपुट, आउटपुट, एरर. प्रश्न त्यापुढच्या क्रमांकांचा. एकाने लॉगसाठी ३ उघडला आणि त्याच स्क्रिप्टने सोर्स केलेल्या (म्हणजे स्वतःतच वाचून चालवलेल्या) लायब्ररीनेही ३ उघडला, तर शेल तक्रार करत नाही. आधीची जोडणी गुपचूप तुटते आणि लॉगच्या ओळी भलत्याच फाइलमध्ये जातात. बॅश या शेलमध्ये ४.१ आवृत्तीपासून एक्झेक या (स्क्रिप्टभरासाठी डिस्क्रिप्टर उघडणाऱ्या) कमांडनंतर महिरपी कंसात व्हेरिएबलचं नाव द्यायची सोय आहे. शेल स्वतः १० किंवा त्यापुढचा मोकळा क्रमांक शोधून त्या व्हेरिएबलमध्ये ठेवतं. के-शेल ९३ आणि झेड-शेल या दुसऱ्या शेलमध्येही हे चालतं. हाताने आकडे लिहिणं आता बंद व्हावं, असं माझं ठाम मत आहे.

रात्रपाळी:
पूर्ण असहमत. डेबियन आणि उबंटू या लिनक्सवर एसएच या नावाने चालणारं शेल म्हणजे डॅश. तिथे ही महिरप चालत नाही. डॅश तिला कमांडचं नाव समजतं, आधी फाइल रिकामी करतं आणि मग 'नॉट फाउंड' म्हणून स्क्रिप्ट थांबवतं. म्हणजे चूक कळेपर्यंत जुना मजकूर गेलेला असतो! पॉझिक्स या शेलसाठीच्या सामायिक मानकाने हमी दिली आहे ती ० ते ९ एवढ्याचीच, आणि ज्या स्क्रिप्टला कुठेही चालायचं आहे तिने तेवढ्यातच राहावं.

सह्यकडा:
पहिल्या ओळीत बॅश लिहिलं असेल तर डॅशचा संबंध येत नाही. आणि हाताने २०० लिहिणाऱ्यांचं काय? ९ च्या वरचे क्रमांक जपून वापरा, शेल ते आतल्या कामासाठी वापरत असू शकतं, असं बॅशच्या मॅन्युअलमध्येच आहे. स्क्रिप्टची फाइल बॅश स्वतः बहुधा २५५ वर उघडी ठेवतं.

रात्रपाळी:
२०० मीही लिहीत नाही, ३ लिहितो, तोही ब्लॉकपुरता. लूप संपवणाऱ्या 'डन' या शब्दापुढे ३< (३ वर फाइल वाचायला उघड) लावला की लूप संपताच शेल तो बंद करून आधीची स्थिती परत आणतं. म्हणजे तुमच्या लायब्ररीने एक्झेक न वापरता असा ब्लॉक केला असता, तर लॉग शाबूत राहिला असता. महिरपीचं उलट आहे. ब्लॉक संपला तरी डिस्क्रिप्टर उघडाच. बाहेरच्या लूपमध्ये हे होत राहिलं तर एका वेळी किती डिस्क्रिप्टर उघडे ठेवता येतात याची यूलिमिटची मर्यादा, बऱ्याच ठिकाणी १०२४, कधीतरी गाठली जाणारच. बॅश ५.२ मध्ये, २०२२ साली, त्यासाठी शॉप्ट कमांडने चालू करायचा वेगळा पर्याय द्यावा लागला, आणि तोही आपोआप चालू नसतो.

घाटवाट:
दोघंही क्रमांकावर भांडताय, पण वारशाचं कुणीच बोलत नाही. बॅशमध्ये एक्झेकने उघडलेला डिस्क्रिप्टर चाइल्ड प्रोसेसकडे, म्हणजे स्क्रिप्टने सुरू केलेल्या प्रोग्रामकडे, जातो. एफलॉक या फाइलवर लॉक घेणाऱ्या कमांडने ९ वर लॉक घेतलं, एक कमांड बॅकग्राउंडला सोडली आणि स्क्रिप्ट संपली, तरी लॉक सुटत नाही, कारण ती कमांड तीच उघडी फाइल धरून बसलेली असते. पुढच्या वेळी क्रॉनने (ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या प्रोग्रामने) स्क्रिप्ट सुरू केली की ती लॉकवरच अडते आणि दोष क्रॉनला दिला जातो. के-शेलमध्ये २ च्या वरचे असे डिस्क्रिप्टर बाहेरच्या कमांडला मिळत नाहीत. मला तोच नियम योग्य वाटतो. बॅशमध्ये मात्र प्रत्येक बॅकग्राउंड कमांडपुढे ९ बंद करणारं ९>&- हाताने लिहावं लागतं.

सह्यकडा:
हे मान्य, आणि महिरपीनेही ते सुटत नाही. ब्लॉकपुरत्या वापराला ३ ठीक, तेवढं रात्रपाळींचं पटलं. पण लॉक आणि लॉग स्क्रिप्टभर उघडे राहतात. तिथे आकडा लिहायला माझा विरोध कायम. लॉक बंद करायची ओळ लिहितानाही व्हेरिएबलचं नाव दिसतं, ९ पाहून मात्र काहीच कळत नाही.

रात्रपाळी:
त्यासाठी वर एक कॉमेंट पुरते. माझ्या स्क्रिप्ट डॅशवर चालतात, त्या तशाच राहतील.